कोणते यंत्र कुठे, कोण माणूस कुठे: रुग्णालयांतल्या बिनतारी मागोव्याचा आढावा

मोठ्या रुग्णालयात एका जागेवरून दुसरीकडे जाणाऱ्या वस्तूंची संख्या हजारांत असते. इन्फ्यूजन पंप, सिरिंज पंप, मॉनिटर, ईसीजी मशीन, व्हेंटिलेटर, ट्रॉल्या, व्हीलचेअर. जडसंग्रह नोंदवहीत यांतल्या प्रत्येकाला क्रमांक असतो आणि कोणत्या तरी एका वॉर्डाचे नाव लावलेले असते. प्रत्यक्षात पंप रुग्णाबरोबर कॅज्युअल्टीतून आयसीयूत जातो, तिथून वॉर्डात येतो आणि तिथेच राहतो. पुढच्या वेळी हवा तेव्हा मिळणार नाही या धास्तीने तो कपाटात ठेवला जातो, शेजारच्या वॉर्डातही तेच होते, आणि कपाटांत पंप पडून असताना नव्या पंपांची मागणी वर जाते. केंद्र सरकारच्या जैववैद्यकीय उपकरण देखभाल कार्यक्रमासाठी राज्याराज्यांत पाहणी झाली, तेव्हा २९,११५ आरोग्य संस्थांमधली ७,५६,७५० उपकरणे नोंदली गेली. त्यांची किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये होती, आणि राज्यागणिक १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद होती. बंद असणे वेगळे आणि न सापडणे वेगळे, हे खरे. पण जे यंत्र कुठे आहे तेच ठाऊक नाही त्याची वेळेवर तपासणी होत नाही, आणि तपासणी चुकलेले यंत्र ऐन वेळी दगा देते. ठावठिकाण्याचा प्रश्न म्हणूनच सोयीचा नाही, रुग्णाच्या जिवाचा आहे.

या प्रश्नावर बिनतारी तंत्रज्ञानाची उत्तरे आता पुष्कळ आहेत. विक्रेत्यांची माहितीपत्रके त्यांची एक क्रमवारी लावतात: खाली पाच-दहा मीटरची चूक करणारी तंत्रे, मधे दोन-तीन मीटरची, सर्वांत वर तीस सेंटिमीटरच्या आतली. जितके वर तितका खर्च जास्त, तेव्हा ऐपत असेल तेवढे वर जावे असा त्यातून अर्थ निघतो. रुग्णालयासाठी ही क्रमवारीच दिशाभूल करणारी आहे, असे माझे ठाम मत आहे. रुग्णालयातली जागा खोल्यांनी, दारांनी आणि खाटांनी बनलेली असते. भिंतीच्या एका बाजूला विलगीकरण कक्ष असतो, दुसऱ्या बाजूला साधा वॉर्ड, आणि मधे वीतभर वीटकाम. एक मीटरची चूक मोकळ्या गोदामात चालून जाते. इथे तीच चूक पंपाला भलत्याच खोलीत आणि रुग्णाला भलत्याच संसर्गाच्या शेजारी दाखवते. म्हणून तंत्र निवडताना आधी हे ठरवावे, की ठावठिकाणा कळल्यावर कोण कोणता निर्णय वेगळा घेणार आहे, आणि त्या निर्णयाला मजला कळणे पुरेसे आहे, खोली कळायला हवी, की फक्त उंबरठा ओलांडल्याचे कळले तरी भागते. माणसांच्या बाबतीत याला आणखी एक प्रश्न जोडावा लागतो: सापडावे अशी इच्छा त्या माणसाची आहे, की त्याला शोधणाऱ्याची?

पहिल्या वर्गातली तंत्रे संदेशाच्या जोरावरून अंतराचा अंदाज बांधतात. वस्तूला लावलेला टॅग, म्हणजे संदेश देणारी बिनतारी खूणचिठ्ठी, जवळ असेल तर संदेश जोरात येतो, लांब असेल तर क्षीण. वायफाय आणि कमी ऊर्जेचे ब्लूटूथ यांच्या बहुतेक प्रणाली याच तत्त्वावर चालतात. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००० साली 'रडार' नावाची प्रणाली मांडली. इमारतीच्या ठिकठिकाणी संदेशाचा जोर आधी मोजून ठेवायचा आणि मग नव्या मोजमापाशी ताडून जागा ओळखायची, अशी तिची रीत होती. तिची चूक सर्वसाधारणपणे दोन ते तीन मीटर होती, आणि पंचवीस वर्षांनंतरही साध्या वायफायची मजल त्यापलीकडे फारशी गेलेली नाही. याचे कारण पदार्थविज्ञानात आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी माणसाच्या शरीरातल्या पाण्यात शोषल्या जातात, लोखंडी खाटांवर आणि कपाटांवर आदळून परततात, आणि एक्स-रे खोलीच्या शिशाच्या अस्तरापाशी अडतात. रिकाम्या वॉर्डात मोजलेला नकाशा भेटीच्या वेळी नातेवाइकांची गर्दी झाली की चुकू लागतो. 'तुमचे वायफाय आहेच, नवे काही बसवावे लागणार नाही' हा दावा म्हणूनच अर्धाच खरा आहे. इंटरनेट सगळीकडे पोहोचावे म्हणून बसवलेली उपकरणे आणि जागा ओळखण्यासाठी बसवायची उपकरणे यांची संख्या आणि मांडणी वेगळी असते. ब्लूटूथचे टॅग मात्र स्वस्त असतात, त्यांची बॅटरी काही वर्षे टिकते, आणि ऐकणारे छोटे रिसीव्हर खोलीखोलीत लावता येतात. रिसीव्हर दाट लावले की अंदाज खोलीच्या जवळ जातो. पण तो अंदाजच राहतो.

दुसरा वर्ग वेळ मोजणाऱ्या तंत्रांचा. अल्ट्रा-वाइडबँड, म्हणजे यूडब्ल्यूबी, अतिशय छोट्या स्पंदनांचा प्रवासकाळ मोजते. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात तीस सेंटिमीटर जाते, म्हणून इथे घड्याळ नॅनोसेकंदाच्याही आत अचूक असावे लागते. ते जमले की चूक दहा ते तीस सेंटिमीटरवर येते. अमेरिकेने २००२ मध्ये या लहरींना परवानगी दिली, २०१९ च्या आयफोनमध्ये त्यांची चिप आली आणि त्यानंतर भाव उतरू लागले. ब्लूटूथनेही २०१९ च्या ५.१ आवृत्तीत संदेश कोणत्या कोनातून आला हे ओळखण्याची सोय आणली, आणि २०२४ च्या ६.० आवृत्तीत अंतर मोजण्याची नवी पद्धत. ही खरी प्रगती आहे. मात्र तिची किंमत टॅगमध्ये कमी आणि छतात जास्त आहे. यूडब्ल्यूबीला एकेका खोलीत अनेक स्थिर केंद्रे लागतात, त्यांना वीज आणि बहुधा केबलही लागते, आणि टॅग व केंद्र यांच्यामधे माणूस आला तर हे मोजमापही बिघडते. चालू आयसीयूचे छत उघडायचे म्हणजे धूळ, संसर्गाचा धोका आणि खाटा बंद ठेवणे. हा खर्च दरपत्रकात दिसत नाही, पण रुग्णालय तो मोजतेच.

तिसरा वर्ग मला रुग्णालयाच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण वाटतो, आणि चर्चेत तोच मागे पडतो. अवरक्त किरण आणि श्राव्यातीत ध्वनी भिंतीतून जात नाहीत. संपर्काच्या कामात ही उणीव ठरते. जागा ओळखताना तीच सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. एका खोलीतला रिसीव्हर अवरक्त संदेश ऐकतो याचा अर्थ टॅग त्याच खोलीत आहे. केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी प्रयोगशाळेत रॉय वाँट आणि सहकाऱ्यांनी तयार केलेला 'ॲक्टिव्ह बॅज' याच तत्त्वावर दर पंधरा सेकंदांनी आपली ओळख सांगत असे. त्यावरचा निबंध १९९२ सालचा आहे. ध्वनी तर एका मिलिसेकंदात जेमतेम चौतीस सेंटिमीटर जातो, त्यामुळे वेळ मोजायला महागडे घड्याळही लागत नाही. मर्यादाही उघड आहेत: अवरक्त टॅग चादरीखाली किंवा खिशात गेला की मुका होतो, आणि कडक ऊन त्याला त्रास देते. म्हणून आज अनेक प्रणाली जोडीने चालतात. ब्लूटूथ किंवा वायफाय संदेश नेते, आणि अवरक्त किरण किंवा ध्वनी खोली नक्की करतो. मीटरांच्या क्रमवारीत या जोडप्रणालीला धड जागाच नाही, कारण खोलीच्या आत कुठे हे ती सांगत नाही. खोली मात्र ती अंदाजाने न सांगता खात्रीने सांगते.

चौथा प्रकार जागा सांगतच नाही. तो फक्त ओलांडणे नोंदवतो. बॅटरी नसलेला आरएफआयडी टॅग रीडरच्या लहरींवरच जागा होतो आणि काही मीटरांवरून आपला क्रमांक सांगतो. भारतात यासाठी ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा पट्टा परवान्याविना खुला आहे. वाहनांच्या काचेवरचा फास्टॅग याच जातीचा. टोलनाक्याला गाडी गेल्याचे कळते, ती आत्ता कुठे आहे हे कळत नाही. रुग्णालयातही असेच: भांडाराचे दार, निर्जंतुकीकरण विभाग (सीएसएसडी), लाँड्री, मुख्य फाटक. टॅगची किंमत काही रुपयांपासून सुरू होते, आणि बॅटरी नसल्याने ती बदलण्याचे कामही नसते. धातूवर चिकटवायला खास बनावटीचा, थोडा महाग टॅग लागतो. द्रवाच्या बाटल्यांवर वाचन चुकते. पण 'यंत्र इमारतीबाहेर चालले आहे का' आणि 'ट्रे निर्जंतुक होऊन परत आला का' या दोन प्रश्नांना याहून जास्त काही लागत नाही.

इथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा: या लहरी जीवरक्षक यंत्रांना धोका नाहीत का? अ‍ॅम्स्टरडॅममधल्या संशोधकांनी २००८ मध्ये 'जामा' या नियतकालिकात ४१ वैद्यकीय उपकरणांवरच्या १२३ चाचण्यांचे निष्कर्ष दिले. रुग्ण जवळ नसताना केलेल्या या चाचण्यांत ३४ वेळा आरएफआयडीमुळे यंत्रांच्या कामात व्यत्यय आला, त्यांतले २२ प्रसंग धोकादायक गटात मोडले. ८६८ मेगाहर्ट्झच्या, बॅटरी नसलेल्या टॅगांच्या प्रणालीने १२५ किलोहर्ट्झच्या प्रणालीपेक्षा कितीतरी जास्त व्यत्यय आणले. धोका चिकटवलेल्या टॅगपेक्षा त्याला जागवणाऱ्या शक्तिमान रीडरचा असतो. त्यातून निष्कर्ष बंदीचा निघत नाही, जागेचा निघतो. असा रीडर भांडाराच्या दारात ठेवावा, खाटेजवळ आणू नये, आणि बसवण्याआधी आपल्याच यंत्रांवर चाचणी करावी. ब्लूटूथ आणि यूडब्ल्यूबी यांची शक्ती फार कमी असते, तरी आयसीयूत आपल्या यंत्रांबरोबर तपासून घेण्याचा नियम त्यांनाही लागू करावा.

आता यंत्रांच्या बाबतीत ही तंत्रे निर्णयांपुढे ठेवून पाहू. सिस्टरला पंप हवा असतो तेव्हा तिला मजला, वॉर्ड आणि खोली कळली की पुरे. आत गेल्यावर डोळे आहेत. बायोमेडिकल इंजिनिअरला तपासणीची तारीख उलटलेली यंत्रे कोणत्या वॉर्डात आहेत एवढे कळले की त्याची फेरी आखता येते. भांडारपालाला दार पुरते. एकाही निर्णयाला तीस सेंटिमीटर लागत नाहीत. उलट पंप स्वच्छ करून ठेवलेला आहे की वापरून तसाच पडलेला आहे, हे कळणे जास्त मोलाचे असते. आणि तो मीटरांचा प्रश्नच नाही. स्वच्छ सामानाची खोली आणि धुवायच्या सामानाची खोली या दोन्ही नीट ओळखता आल्या, तर त्या उत्तराचा बराच भाग आपोआप मिळतो. काहीजण पुढे जाऊन विचारतात, मग बारकोडच का नको? प्रश्न रास्त आहे. इंग्लंडच्या एनएचएस या सार्वजनिक आरोग्यसेवेने २०१६ पासून 'स्कॅनफॉरसेफ्टी' हा उपक्रम सहा रुग्णालय-संस्थांमध्ये प्रथम राबवला, तो मुख्यतः बारकोडच्या आधारावर उभा होता. रुग्ण, जागा आणि वस्तू यांना एकाच पद्धतीचे क्रमांक देणे हा त्याचा गाभा होता. ज्या रुग्णालयात यंत्रांची यादीच खरी नाही, तिथे बिनतारी टॅग फक्त चुकीची यादी वेगाने हलवतील. आधी यादी, मग बारकोड, आणि स्कॅन करायला कोणी थांबूच शकत नाही अशा जागी बिनतारी टॅग, हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो.

तंत्र योग्य निवडले तरी काम संपत नाही. जिल फिशर आणि टोरिन मोनाहन या संशोधकांनी अमेरिकेतल्या २३ रुग्णालयांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. प्रणाली बसल्या होत्या, पण अनेक ठिकाणी त्यांची कामगिरी अपेक्षेहून खूप कमी होती, आणि कारणे तंत्रात होती तशीच संस्थेतही होती. ती कारणे आपल्याकडे आणखी ठळक होतील. टॅगच्या बॅटऱ्या बदलायच्या कोणी? टॅग उखडला तर नव्याची नोंद कोणत्या विभागाने करायची? पंप सापडला, पण तो दुसऱ्या वॉर्डाने 'आपला' म्हणून धरून ठेवला असेल तर सोडवायचा कोणी? शेवटच्या प्रश्नाला कोणताही रिसीव्हर उत्तर देत नाही. पंप वॉर्डांच्या मालकीचे न ठेवता एका मध्यवर्ती साठ्यात आणले, तर लपवण्याचे कारणच उरत नाही, आणि मग साधे तंत्रही पुरते.

रुग्णांच्या बाबतीत सर्वांत न्याय्य उपयोग नवजात बाळांचा आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालतस्करीच्या खटल्यात बजावले, की रुग्णालयातून नवजात बाळ पळवले गेले तर पहिली कारवाई त्या रुग्णालयाचा परवाना निलंबित करण्याची असावी. बाळाच्या पायातला टॅग दारापाशी आला की गजर होतो आणि दार अडते. हा उंबरठ्याचा प्रश्न आहे, आणि दारातच टॅगला जागवणारी कमी वारंवारितेची प्रणाली तो नेमका सोडवते. तिची खरी अडचण खोट्या गजरांची. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते, पट्टा सैल होतो आणि टॅग निसटतो. रोज खोटा वाजणारा गजर आठवड्याभरात कोणी ऐकेनासे होते. म्हणून अशा प्रणालीची कसोटी खोट्या गजरांच्या संख्येवर लावावी. उंबरठ्याचे महत्त्व मुंबईने आणखी एका प्रसंगात पाहिले आहे. जानेवारी २०१८ मध्ये एका महापालिका रुग्णालयात ऑक्सिजन सिलिंडरसह एमआरआय खोलीत गेलेल्या माणसाचा यंत्राकडे ओढला जाऊन मृत्यू झाला. तिथे टॅगपेक्षा लोखंड ओळखणारा दरवाजा आणि दारातला प्रशिक्षित माणूस हेच उत्तर आहे. प्रत्येक उंबरठ्याला रेडिओलहर लागत नाही.

कर्मचाऱ्यांच्या मागोव्याकडे आलो की माझा सूर बदलतो, आणि त्याला पुरावा आहे. हात धुण्याच्या नियमाचे पालन मोजण्यासाठी अमेरिकेतल्या ४२ रुग्णालयांच्या ७१ विभागांत कर्मचाऱ्यांना आरएफआयडी बिल्ले दिले गेले. स्टॅट्स, डाय, हॉफमन आणि मिल्कमन या संशोधकांनी २०१७ मध्ये त्याचा अभ्यास मांडला. देखरेख सुरू झाल्यावर पालन वाढले, नंतर हळूहळू ओसरले, आणि देखरेख थांबल्यावर ते सुरुवातीच्या पातळीच्याही खाली गेले. पाळत माणसाच्या मनातला स्वतःचा नियम खोडून त्या जागी पहारेकऱ्याचा नियम बसवते, आणि पहारेकरी गेला की दोन्ही जातात, असा या आकड्यांचा अर्थ मी लावतो. यावर व्यवस्थापन म्हणेल, 'कोण किती वेळ कुठे होते हे कळले तर कामाची वाटणी न्याय्य होईल.' पण औषधाच्या टेबलाशी दहा मिनिटे उभी असलेली सिस्टर मात्रा पडताळत आहे की वेळ काढत आहे, हे जागेवरून कळत नाही. तीस सेंटिमीटरची अचूकताही इथे फक्त गैरसमजाला आकड्याचे बळ देते.

पण कर्मचाऱ्याला सापडायचेच असते असाही एक क्षण असतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथल्याच तळघरात हल्ला झाला. त्यानंतरची चार दशकांहून अधिक वर्षे, मे २०१५ मधल्या मृत्यूपर्यंत, त्यांनी त्याच रुग्णालयात काढली. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यातल्या आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरच्या हत्येनंतर सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमले. रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याच्या बिल्ल्यावर एक बटण असावे आणि ते दाबताच खोली क्रमांकासह सुरक्षारक्षकाला हाक जावी, ही मागणी मी या आढाव्यातली सर्वांत निकडीची मानतो. आणि इथे खोलीची खात्री हवीच. 'तिसऱ्या मजल्यावर कुठेतरी' हे उत्तर क्रूर आहे. म्हणून मदतीच्या बटणासाठी अवरक्त किरणांची किंवा ध्वनीची जोड, तळघर, जिने आणि विश्रांतीच्या खोल्यांसह, खर्चिक असली तरी घ्यावी. हा बिल्ला एरवी काही नोंदवत नाही. बटण दाबल्यावरच बोलतो. तंत्र तेच, पण अधिकार ते अंगावर घालणाऱ्याकडे.

यावर साथीचा आक्षेप येतो. २००३ च्या सार्स साथीत सिंगापूरच्या अलेक्झांड्रा रुग्णालयाने आरएफआयडीने कर्मचारी, रुग्ण आणि भेटायला येणाऱ्यांच्या हालचाली नोंदवल्या, म्हणजे बाधित माणूस आढळल्यास संपर्कातले लोक शोधता यावेत. हे प्रयोजन खरे आहे, पण ते साथीपुरते आहे. प्रयोजन संपले की नोंद पुसली जावी, आणि ती वेतन किंवा शिस्तभंगाच्या फाइलीत कधीच पोहोचू नये. कायद्याचा आधार इथे अपुरा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, पण २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा नोकरीच्या प्रयोजनांसाठी संमतीशिवायही माहिती वापरण्याची मुभा देतो. सिस्टर किंवा वॉर्डबॉय यांचे रक्षण त्यामुळे रुग्णालयाच्या स्वतःच्या लेखी धोरणावर अवलंबून राहते, आणि ते धोरण टॅग वाटण्याआधी परिचारिका संघटनेबरोबर बसून ठरवायला हवे.

शेवटचा आक्षेप भविष्याचा: यूडब्ल्यूबी स्वस्त होत आहे, मग आत्ताच सर्वांत अचूक तंत्र बसवून मोकळे का होऊ नये? कारण स्वस्त होते ती चिप. छत उघडण्याचा, केबल ओढण्याचा, बॅटऱ्या बदलण्याचा आणि नोंदी खऱ्या ठेवण्याचा खर्च तसाच राहतो, आणि न लागणारी अचूकता माणसांवर पाळत ठेवायला हाताशी येऊन बसते. शस्त्रक्रियागृहासारख्या एखाद्या जागी तिची खरी गरज सिद्ध झाली तर तेवढ्या जागी ती जरूर घ्यावी. बाकी रुग्णालयाला दारांत आरएफआयडी, वॉर्डांत ब्लूटूथ, आणि चूक जिथे जिवावर बेतेल तिथे खोली नक्की करणारी जोड, एवढे मिश्रण पुरेसे आहे. निविदेच्या पहिल्या पानावर मीटर लिहू नयेत. कोणता निर्णय, कोण घेणार, त्याला मजला हवा, खोली हवी की दार, हे लिहावे. विक्रेत्याने चाचणी आपल्या दालनात न दाखवता रुग्णांनी भरलेल्या वॉर्डात, भेटीच्या वेळी द्यावी. चुकीची खोली किती वेळा दाखवली, खोटा गजर किती वेळा झाला, आणि वर्षानंतर किती टॅग जिवंत आहेत, या तीन आकड्यांवर पैसे द्यावेत. आणि माणसाच्या अंगावर जाणाऱ्या प्रत्येक बिल्ल्याबाबत आधी त्या माणसाला विचारावे. एवढी शिस्त पाळली, तर साध्या तंत्रानेही यंत्र वेळेवर खाटेशी पोहोचेल आणि संकटातल्या सिस्टरपर्यंत मदत पोहोचेल. सार्वजनिक पैशातून घेतलेल्या कोणत्याही प्रणालीकडून हीच दोन कामे आपण हक्काने मागितली पाहिजेत.